आयुधपूजा आणि सारथ्याची श्रमनिद्रा

विजयादशमीचा हा मंगल दिवस. काल खंडेनवमीस घरोघरी शस्त्रांची, अवजारांची पूजा झाली. शेतकऱ्याने औत पूजिले, सुताराने रंधा, लोहाराने ऐरण, वैद्याने खल आणि लेखकाने लेखणी. ज्याच्या योगे अन्न मिळते त्यास वर्षातून एकदा तरी मस्तक नमवावे, ही आपल्या पूर्वजांची दृष्टी. त्याच दृष्टीने आज गावोगावच्या पेट्रोलपंपांवर, अडत बाजाराच्या आवारात आणि महामार्गालगतच्या ढाब्यांवर मालमोटारी धुऊन पुसून उभ्या आहेत. त्यांच्या कपाळी कुंकवाचे स्वस्तिक आहे, तोंडावर झेंडूची माळ आहे, चाकाखाली लिंबू ठेवलेले आहे आणि पुढ्यात नारळ फुटला आहे. जुन्या काळी जो मान रथास आणि अश्वास होता, तोच आज या सहा, दहा, चौदा चाकांच्या रथास मिळतो. यात अनुचित काहीच नाही.

परंतु वाचकहो, त्या माळेतील झेंडूकडे क्षणभर पाहावे. हा झेंडू परवा कोणाच्या तरी शेतात होता. तो तोडला गेला, पोत्यांत भरला गेला, सायंकाळी गाडीत चढला आणि पहाटेच्या लिलावास पुण्याच्या मार्केट यार्डात वा मुंबईत दादरच्या फुलबाजारात पोहोचला. फूल थांबत नाही. सकाळी दहा वाजता जे सोने असते ते सायंकाळी कचरा होते. म्हणून ते रात्रीतून पोहोचवावे लागते आणि ते पोहोचविणारा मनुष्य रात्रभर जागा असतो. आपण वाहनाची पूजा केली. पण ज्याच्या जागरणावर ही पूजा उभी आहे, त्याच्या निद्रेचा विचार कोणी केला काय? सणाच्या दिवशी हा प्रश्न मांडावयाचा, तो केवळ कळवळा म्हणून नव्हे. तो अनेकांच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे.

देवीही विसावते

आमच्या तुळजापुरात एक परंपरा आहे. नवरात्र संपते, विजयादशमीच्या पहाटे देवीचे सीमोल्लंघन होते आणि त्यानंतर जगदंबेची चल मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते. हा पलंग अहिल्यानगर भागातून पायी वाहून आणलेला असतो. या निद्रेस श्रमनिद्रा म्हणतात, आणि ती आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. नऊ दिवस महिषासुराशी युद्ध करून देवी थकली आहे, तिला विश्रांती हवी, असा यामागील भाव. वर्षातून तीन वेळा देवी अशी मंचकी निजते. त्यांपैकी ही एक निद्रा केवळ श्रमपरिहारासाठी राखून ठेवलेली आहे.

या परंपरेतील विचार फार खोल आहे. ज्या शक्तीने त्रैलोक्याचे रक्षण केले तिलाही श्रमानंतर झोप हवी असे मानणाऱ्या समाजाने निद्रेस दोष मानलेले नाही. दुर्गासप्तशतीत देव जेव्हा देवीला नमस्कार करतात, तेव्हा चेतना, बुद्धी, क्षुधा, क्षमा यांच्या पंक्तीतच सर्व भूतांच्या ठायी निद्रारूपाने राहणारी म्हणूनही ते तिला वंदन करतात. निद्रा हे देवीचे रूप आहे. देवीचे रूप पराक्रमाने जिंकता येत नाही. त्याच्यापुढे नमावेच लागते. आमच्या रस्त्यांवर मात्र उलट समजूत रूढ आहे. ‘झोप आवरता आली पाहिजे’, ‘पक्का ड्रायव्हर दोन रात्री काढतो’ अशी वाक्ये अभिमानाने बोलली जातात. झोप आवरणे हा जणू मर्दपणा आणि झोप येणे हा जणू आळस.

शरीरशास्त्र काय सांगते ते पाहू. मनुष्य जितका वेळ जागा राहतो तितका निद्रेचा भार मेंदूत साचत जातो, आणि तो भार निद्रेवाचून अन्य कशानेही फिटत नाही. चहाने तो फिटत नाही, तंबाखूने फिटत नाही, खिडकी उघडून वारा घेतल्याने अथवा मोठ्याने गाणे लावल्यानेही फिटत नाही. चहा-कॉफी घेतल्याने भार जाणवत नाही एवढेच. तो असतो तेथेच असतो. शिवाय शरीरात दिवसरात्रीचे एक चक्र फिरत असते. त्या चक्रानुसार रात्री दोनपासून पहाटे सहापर्यंतचा काळ हा देहाच्या सर्वांत मंद अवस्थेचा. दुपारी जेवणानंतरचा प्रहर हा त्याच्या खालोखाल. ज्या ब्राह्ममुहूर्तावर आम्ही काकडआरतीस उभे राहतो, तोच मुहूर्त रात्रभर सुकाणू धरलेल्या चालकास सर्वांत घातक आहे. आम्ही त्या वेळी झोपून उठलेले असतो. तो अजून झोपावयाचा असतो. वेळ एकच, परंतु अवस्था भिन्न.

१९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सतरा तास सलग जागलेल्या मनुष्याचे हात आणि लक्ष यांची स्थिती, रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या मनुष्यासारखी होते, असे त्यांना आढळले. चोवीस तास जागरण झाले की ती शंभर मिलिग्रॅमच्या जवळपास जाते. आता आपला कायदा पाहा. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमान्वये शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे जो निर्व्यसनी, माळकरी चालक पहाटे उठून रात्री दहा वाजताही गाडी हाकीत आहे, तो एक थेंबही न घेता कायद्याच्या मद्यमर्यादेपलीकडे गेलेला असतो. मद्यप्यास पकडण्यासाठी पोलिसांच्या हाती नळी आहे. निद्रिस्तास पकडण्यासाठी तशी नळी अद्याप कोणाच्या हाती नाही.

म्हणूनच अपघातांच्या नोंदींत झोप दिसत नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. कारणांच्या रकान्यांत अतिवेग आहे, मद्यपान आहे, उलट्या बाजूने वाहन नेणे आहे, सिग्नल मोडणे आहे, मोबाइल आहे आणि शेवटी ‘अन्य’ आहे. निद्रेस स्वतंत्र रकाना नाही. जो झोपेत गेला तो सांगावयास उरत नाही. जो वाचला तो भयाने सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी कीर्तनाहून परतताना रात्री एका ढाब्यावर थांबलो असता, डाळिंबाची गाडी घेऊन निघालेल्या एका प्रौढ चालकाशी बोलणे झाले. मी सहज विचारले, “झोप आली म्हणजे काय करता हो?” तो हसला. म्हणाला, “महाराज, झोप आली हे कळलं तर माणूस थांबल की. ती कळतच न्हाई. डोळं उघडंच असतेत. एकदम पुढची गाडी अंगावर दिसती, तवा कळतं का आपण मदी नव्हतोच.” शास्त्रज्ञ यालाच सूक्ष्मनिद्रा म्हणतात. ती दोन-चार सेकंदांची असते. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. चार सेकंद चालक ‘मधी नसला’, तर नव्वद मीटरपर्यंत ती गाडी कोणाच्याही हाती नसते. दोन आसांच्या साध्या मालमोटारीचेही मालासह वजन साडेअठरा टनांपर्यंत असू शकते. एवढा भार नव्वद मीटर सारथ्यावाचून धावतो, आणि त्या नव्वद मीटरांत कोणाची दुचाकी असते, कोणाची दिंडी असते, कोणाची नादुरुस्त होऊन दिव्यावाचून थांबलेली ट्रॉली असते.

नियम आहे, पण पाळणारा कोण?

आमच्या देशात याविषयी नियमच नाहीत, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असे बांधून दिले; लांब पल्ल्यासाठी फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तासांची सवलत ठेविली. सलग पाच तासांहून अधिक काम नको, त्यानंतर किमान अर्धा तास विसावा हवा, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची विश्रांती हवी, असेही त्यात लिहिले. हा कायदा पाच अथवा अधिक कामगार असलेल्या संस्थांपुरता होता; परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने कामाच्या तासांची हीच मर्यादा परिवहन वाहने चालविणाऱ्यांस लागू केली. पुढे २०२० साली झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत १९६१ चा कायदा सामावला गेला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. दिवसाला आठ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ कागदावर शहाणपण नांदत आहे.

रस्त्यावर काय घडले? राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर किमान दोन चालक असावेत आणि चालकाच्या आसनामागे दुसऱ्यास आडवे होऊन झोपता येईल अशी पूर्ण रुंदीची बैठक असावी, असा नियम पूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियमांत होता. एक हाकील तेव्हा दुसरा निजेल, इतकी साधी ही योजना. २०१८ साली दोन चालकांची ती अट काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी मालमोटारींवर लादता येणाऱ्या वजनाची मर्यादाही वाढविण्यात आली. भार वाढला, आणि तो हाकणारे हात दोहोंवरून एकावर आले.

युरोपातील देशांत साडेचार तास वाहन चालविल्यावर पंचेचाळीस मिनिटांचा विसावा सक्तीचा आहे. दिवसाची सामान्य मर्यादा नऊ तासांची आहे. टॅकोग्राफ नावाचे यंत्र गाडीतच बसविलेले असते व ते चालल्या-थांबल्याची नोंद ठेवते. ती नोंद अधिकाऱ्यास पाहता येते. आपल्याकडे तासांची मर्यादा आहे, पण ते तास मोजणारे असे यंत्र आपल्या मालमोटारींत सहसा आढळत नाही. वैमानिकांप्रमाणे मालमोटारीच्या चालकांचेही तास ठरविले जावेत आणि झोप ओळखणारी उपकरणे गाड्यांत असावीत, असे मत केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये व्यक्त केले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन अनिवार्य झाले, हे पाऊलही स्वागतार्ह आहे. वैशाखात इंजिनाच्या धगीजवळ दहा तास बसणे म्हणजे काय, हे बसणाराच जाणे. परंतु गार हवेने उकाडा जातो. साचलेली झोप जात नाही.

जयद्रथवधाचा दिवस

चालक मूर्ख नसतो. तो थांबत नाही, कारण त्याला थांबू दिले जात नाही. मालमोटारीचा मालक बहुधा एका-दोन गाड्यांचा धनी. त्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता. चालकास पैसे मिळतात ते फेरीवर, तासांवर नव्हेत. व्यापाऱ्यास माल लिलावापूर्वी हवा. आणि माल भरताना अथवा उतरविताना जी सहा-आठ तासांची रखडपट्टी होते, ती कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. १९६१ च्या कायद्याने कामाच्या तासांची व्याख्या करताना अड्ड्यावर नुसते हजर राहण्याचा पंधरा मिनिटांहून कमी असलेला काळ तेवढा स्पष्ट शब्दांत मोजला. दिवसभर रांगेत उन्हात ताटकळलेला चालक सायंकाळी माल भरून निघतो, तेव्हा कागदावर त्याचा दिवस नुकताच सुरू झालेला असतो. देहाच्या लेखी तो केव्हाच संपलेला असतो.

‘वेळेची निकड होती’ हे कारण देणाऱ्यांसाठी महाभारतात एक प्रसंग आहे. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी अर्जुनाने सूर्यास्तापूर्वी प्रतिज्ञा पूर्ण करावयाची होती. न झाल्यास अग्निप्रवेश. याहून कठोर मुदत कोणत्या व्यापाऱ्याने घातली असेल? सूर्य पश्चिमेकडे कलू लागला होता, शत्रूचे सैन्य चहूंकडे होते. अशा वेळी रथाचे घोडे थकले. भगवंतांनी काय केले? चाबूक उगारला नाही. भर रणात रथ थांबविला. अर्जुन खाली उतरून पायी लढत राहिला, बाणांनी भूमी भेदून त्याने जलाशय निर्माण केला, आणि श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण काढले, त्यांना पाणी पाजिले, लोळू दिले, आणि मगच पुन्हा जुंपले. जयद्रथ त्या दिवशी मेला. थांबल्याने प्रतिज्ञा बुडाली नाही. थांबल्यामुळेच ती साधली.

त्याच पर्वात पुढे रात्रीचे युद्ध येते. दोन्ही सैन्ये झोपेने इतकी आंधळी झाली होती की योद्ध्यांना आपला कोण आणि परका कोण हे ओळखू येईना. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने सांगितले, की चंद्र उगवेपर्यंत येथेच झोपावे. कौरवांनीही ते मान्य केले आणि शत्रू असून त्याला आशीर्वाद दिले. हत्तीवर, घोड्यावर, रथात, भूमीवर, जो जेथे होता तेथे निजला. एकमेकांचे प्राण घेण्यास निघालेल्या माणसांनी जे जाणले, ते एकमेकांस धान्य-भाजी पोहोचविणाऱ्यांनी जाणू नये काय? कौटिल्यानेही अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात, घोड्याने किती योजने चालावे याची मर्यादा घालून दिलेली आहे. घोड्यास मर्यादा आहे. तो हाकणाऱ्या माणसास ती नसावी, हे कोणत्याही शास्त्रास मान्य नाही.

आपला वाटा

आज अपघात झाला म्हणजे गुन्हा नोंदला जातो तो चालकावर. तो तसा नोंदला जाणे क्रमप्राप्तही आहे. परंतु आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्रात वाहनापासून झालेल्या हानीचा विचार करताना, सारथी अकुशल असेल तर दंड वाहनाच्या स्वामीस सांगितलेला आहे. दोष हातापाशी थांबत नाही. त्या हातास कामास लावणाऱ्यापर्यंत तो जातो. म्हणून आजच्या पूजेनंतर प्रत्येकाने आपापला वाटा पाहावा.

मालकाने पाहावे, की लांबच्या फेरीवर कायद्याने सोडला तरी दुसरा चालक आपण सोडू नये. त्याचा रोज हा गाडीच्या हप्त्यापेक्षा स्वस्त आहे. व्यापाऱ्याने पाहावे, की माल उतरत असता चालकास ताडपत्रीखाली नव्हे, तर सावलीच्या, स्वच्छ जागेत निजता यावे; अडत बाजाराच्या आवारात एक खोली, चार खाटा व पाण्याचा नळ यास मोठा खर्च येत नाही. चालकाने स्वतः पाहावे, की पापणी जड झाली, गेलेला मैलाचा दगड आठवेना, गाडी पट्टीवरून सरकू लागली, म्हणजे ती देवीची हाक आहे. मग पुढच्या सुरक्षित जागी, रस्त्याच्या कडेपासून पूर्ण आत, गाडी उभी करावी आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. चहा घ्यावयाचा तर निजण्यापूर्वी घ्यावा. तो अंगी लागण्यास अर्धा तास जातो, तोवर झोप पुरी होते. हा उपाय पुढच्या थांब्यापर्यंत पोहोचण्यापुरता आहे. रात्रीची पुरी झोप त्याने चुकत नाही.

आणि आपण भाविकांनीही पाहावे. भाड्याची गाडी करून दोन दिवसांत पाच देवस्थाने करण्याची हौस हल्ली वाढली आहे. आपण देवळात रांगेत असतो तेव्हा चालक वाहनतळावर उन्हात असतो. आपण प्रसाद घेऊन गाडीत निजतो तेव्हा तो सुकाणू धरतो. ‘रातोरात घरी जाऊ, सकाळी कामावर हजर होऊ’ असे आपणच त्यास सांगतो. गाडी ठरविताना जेवणाचे विचारतो, दराची घासाघीस करतो. ‘काल रात्री झोप झाली का?’ हा एक प्रश्न विचारीत नाही. तो विचारावा. उत्तर समाधानकारक नसेल तर मुक्काम करावा, आणि त्या मुक्कामात चालकासही अंथरूण द्यावे. ते यात्रेच्या खर्चात धरावे, दानधर्मात नव्हे.

आजपासून पाचव्या दिवशी कोजागिरी. त्या रात्री सोलापूर ते तुळजापूर हा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता पायी चालणाऱ्या भक्तांनी फुलून जातो. प्रशासन जड वाहने दुसऱ्या मार्गाने वळविते आणि त्यामुळे चालणाऱ्यांचे रक्षण होते; वळसा घालणाऱ्या चालकाची रात्र मात्र तितकीच लांबते. ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत लक्ष्मी त्या रात्री फिरते, अशी श्रद्धा आहे. जे जागतील त्यांनी भजनात जागावे, अंगणात चंद्राखाली जागावे. ज्याच्या हाती सुकाणू आहे त्यास मात्र त्याच्या मालकाने, व्यापाऱ्याने आणि प्रवाशांनी मिळून त्या रात्री निजू द्यावे. सीमोल्लंघन गावाच्या वेशीचे करावयाचे असते, देहाच्या मर्यादेचे नव्हे. जगदंबा पलंगावर श्रमनिद्रा घेत असता तिच्या लेकरांपैकी एकही जण झोपेवाचून रस्त्यावर नसावा, आणि प्रत्येक सारथी आपल्या उंबऱ्याशी सुखरूप पोहोचावा, हीच या विजयादशमीस तिच्या चरणी प्रार्थना.